धुऱ्यावरची बोर

१९८९ साल होतं अन् मी एकेचाळीस वर्षांचा होतो. आज नातीनं ओसरीत सुपभर बोरं ओतली आणि त्या आंबटगोड वासानं मी पुन्हा त्याच अंगणात जाऊन बसलो.

बाप्तिस्मा घेऊन मले दोन वर्षं झाली होती. पाळक मंडळीतली माणसं घेऊन आमच्या अंगणात प्रार्थनेले आले होते. मी गुडघे टेकले अन् मोठ्यानं म्हणालो, "प्रभू, माह्या बाप-आज्यानं धुऱ्याचा बांध कोरून शेजारच्या वावरातून दरसाल नांगराचा एक तास, एक सरी जमीन चोरली. त्यांचं पाप माह्या घरातून तोड." सगळे आमेन म्हणाले. आपण मोठं काम केलं असं मले वाटलं.

ते वावर विधवा गिरजाकाकूचं. ती ओटीत बोरं घेऊन रस्त्यानं चालली होती, ती कुंपणापाशी थांबली.

"मेलेल्यांचं पाप सांगून राह्यला, सदाशिव," ती म्हणाली, "अन् परवाचा तास? तो का तुह्या आज्यानं येऊन मारला?"

 तिच्या ओटीतल्या बोरांचा वास येत होता. ती बोरं जुन्या धुऱ्यावरच्या बोरीची होती, अन् ती बोर आता माह्या वावरात दहा पावलं आत उभी होती.

तेव्हा वाटलं, बाईनं चारचौघांत माही इज्जत घेतली. आज लाज वेगळीच वाटते. तिनं टोकलं नसतं, तर बापाचं नाव घेत मी तास मारतच राह्यलो असतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी बैल जुंपले, काकूले बोरीखाली उभं केलं अन् तिच्या पायापासून नवा धुरा आखला.