सुयांचा डबा

त्या सकाळी आमच्या गल्लीत घंटागाडीचं गाणं मधेच बंद झालं. गॅलरीतून पाहिलं तर गाडीवरची बाई एक बोट घट्ट धरून उभी होती आणि ड्रायव्हर वाकून जमिनीवरचं काहीतरी बघत होता. खाली गेले. इन्सुलिनची सुई होती.

कचऱ्याच्या बाबतीत गल्लीत माझा दरारा होता. कुणी ओलं-सुकं एकत्र केलं की मी त्याच्या दारात जाऊन सुनावायची. दुधाच्या पिशव्या धुऊन, वाळवून देणारी मी एकटीच, हेही वर ऐकवायची. समोरच्या खोलीतल्या कॉलेजच्या पोरांशी तर माझं रोजचंच वाजायचं. त्यामुळे सुई बघताच सगळ्यांच्या माना त्यांच्या दाराकडे वळल्या. नशापाणी करत असतील, असंही कुणी बोललं. पोरं बिचारी तोंडात ब्रश धरून बाहेर आली आणि आमची नाही, आमची नाही म्हणत राहिली.

मी वाकून नीट पाहिलं. सुई ज्यातून बाहेर आली होती ती दुधाची पिशवी होती, धुतलेली, आणि तिच्या तोंडाला रबराचे दुहेरी वेढे होते. असे वेढे माझे सासरे घालतात.

सुया टाकायला मी त्यांना जाड प्लॅस्टिकचा, फिरकीच्या झाकणाचा डबा दिला होता. तो अजून कोराच होता तेवढ्यात कळवणहून बहिणीने नागलीचे पापड पाठवले. एवढा चांगला डबा सुयांत कशाला घालवायचा, म्हणून मी तो उचलला. दुसरा आणते म्हटलं आणि विसरले. सासऱ्यांनी पुन्हा मागितला नाही. मागितला असता तर मी आधी एक वस्तू चार वेळा वापरायचं व्याख्यान दिलं असतं, हे त्यांना ठाऊक होतं. त्यांनी सुया दुधाच्या रिकाम्या पिशवीत भरल्या, पिशवी माझ्याच वाळलेल्या पिशव्यांत ठेवली आणि मी न बघता गठ्ठा दिला.

ड्रायव्हर म्हणाला, हिला सिव्हिलला नेतो. सुई कुणाची ते कळलं तर त्या माणसाचं रक्त तपासतील, नाहीतर एचआयव्हीच्या धास्तीने हिला महिनाभर गोळ्या घ्याव्या लागतील. बाईने एवढंच विचारलं, घरी सात महिन्यांचं लेकरू आहे, त्याला अंगावर पाजू की नको. ड्रायव्हर म्हणाला, ते डॉक्टरच सांगतील.

खोटं कशाला बोलू, मला आधी स्वतःचीच काळजी वाटली. उद्यापासून या गल्लीत तोंड कसं दाखवायचं, हे पहिलं मनात आलं. तिचं बोट नंतर. ती पुढे ड्रायव्हरशेजारी चढून बसली, गाडी सुरू झाली, गाणंही लागलं. तेव्हा कुठे मी हात आडवा केला.

"थांबा. सुई आमच्या घरची आहे."

पोरांकडे बघायची माझी हिंमत झाली नाही. सासऱ्यांना घेऊन रिक्षाने मागोमाग निघाले. तिथे कुणी सांगायच्या आत त्यांनी बाही वर केली. मग आम्ही तिघं एका बाकावर बसून राहिलो. रिपोर्ट येईपर्यंत लेकराला पाजू नको, असं डॉक्टरांनी तिला सांगितलं होतं. तिची सासू सारखी फोन करत होती आणि फोनमधून लेकराचं रडणं मला ऐकू येत होतं. ते ऐकवत नव्हतं.

दुपार उलटल्यावर रिपोर्ट आला. सासऱ्यांच्या रक्तात काही निघालं नाही. पाजायला हरकत नाही, गोळ्यांचीही गरज नाही, असं डॉक्टर म्हणाले. तिने आधी घरी फोन केला, मग पदराने तोंड पुसलं. मी तिची माफी मागितली. पण जित्याची खोड, लगेच विचारलंही, की हातमोजे का घातले नव्हते.

ती जराही चिडली नाही.

"घालते ना, काकू. सगळ्या गल्लीत घालते. तुमच्या दारात तेवढे काढते. तुमच्या पिशवीत कधी घान नाय राहत, म्हनून."