चौथ्या मिनिटाला येणारा ड्रम

“आवं, पण गाणं कवा सुरू व्हतंय ह्यात?”

माझ्या पुढे उभ्या असलेल्या शेजारच्या आप्पांनी हे काकूला हळूच विचारलं. काकूने तोंडाला पदर लावला. आमच्या मलकापूरच्या घरासमोर ट्रॅक्टर उभा होता आणि त्याच्या दोन्ही मडगार्डवरच्या स्पीकरमधून माझ्या चुलतभावाच्या बँडचा पहिला अल्बम वाजत होता. ऊस कारखान्याला नेताना गाणी लावता यावीत म्हणून थोरल्या काकांनी ते स्पीकर हौसेने बसवून घेतले होते. त्यांचा आवाज हायवेपर्यंत जायचा. त्या रविवारी सकाळी त्यातून फक्त एक गिटार येत होती. दोन सूर, मग शांतता, पुन्हा तेच दोन सूर.

थोरले काका फौजेतून सुभेदार म्हणून निवृत्त झालेले. हात मागे बांधून ते स्पीकरसमोर उभे होते. दादा, म्हणजे त्यांचा आणि काकूचा मुलगा, ट्रॅक्टरच्या मोठ्या चाकाला टेकला होता. मी पायरीवर होते, सगळ्यांच्या मागे पडता येईल अशा जागी. घरात माझी बसायची जागा नेहमी तशीच असते.

सांगलीत दादाचं इंजिनिअरिंग नुकतंच संपलं होतं. काकांनी ओळखीने लोणंदच्या एका कंपनीत त्याची नोकरी जवळजवळ पक्की केली होती. दादाने एक वर्ष मागितलं होतं. अल्बम झाला आहे, आता तो घेऊन पुण्याला, बेंगळुरूला जाऊन वाजवायचं, एका वर्षात काही झालं नाही तर लोणंद. काका नाही म्हणाले नव्हते. ते म्हणाले होते, “आधी ऐकव. मग बघू. आन आमच्या मॅडमला इचारू. तिला इंग्लिश शाळंत घातलीया ती काय उगंच?”

मॅडम म्हणजे मी. घरात इंग्रजी शाळेत गेलेली मी एकटीच. त्यामुळे औषधाच्या बाटलीतला बारीक अक्षरातला कागद, फवारणीच्या डब्यावरच्या सूचना, विम्याचं पत्र, मोबाईलवर आलेला न समजणारा मेसेज, सगळं माझ्याकडे यायचं. मी वाचून दोन वाक्यांत सांगायचे आणि तोच शेवटचा शब्द असायचा. एरवी जेवताना माझं बोलणं कुणाच्या लक्षातही येत नसे. कागद वाचताना मात्र सगळे गप्प व्हायचे.

तो अल्बम मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकत नव्हते. दोन महिन्यांपूर्वी दादा मला सांगलीला घेऊन गेला होता. ट्रॅकना इंग्रजी नावं द्यायची होती आणि त्यांचं स्पेलिंग माझ्याकडून तपासून घ्यायचं होतं. बँड चौघांचा. दोन गिटार, एक बेस आणि दादाचा ड्रम. बेस वाजवणाऱ्याच्या वडिलांचं हळदीचं गोदाम होतं, तिथेच त्यांचं रेकॉर्डिंग चालायचं. छतापर्यंत पोत्यांची थप्पी लागलेली. पोती आवाज गिळतात, परत सोडत नाहीत, असं दादाने मला मोठ्या तज्ज्ञासारखं सांगितलं. ड्रमची पांढरी कातडी पिवळी पडली होती. एका चांगल्या टेकमध्ये बेसवाला शिंकला, तेव्हा गिटारवाला म्हणाला, “राहू दे गड्या, आता ती आपल्या बँडची पाचवी मेंबर.” ती शिंक अल्बममध्ये खरंच आहे, तिसऱ्या ट्रॅकच्या अगदी शेवटी.

मी एका पोत्यावर बसले. माझ्याशी फार बोलावं लागणार नाही असं त्यांनी चेहऱ्यावरूनच ओळखलं असावं. त्यांनी पहिला ट्रॅक वाजवायला घेतला.

तो नऊ मिनिटांचा आहे. एक गिटार दोन सुरांवर चालू राहते. मिनिटभराने दुसरी येते, पहिलीच्या थोडी मागून, जणू रस्ता विचारत. मग बेस येतो, तो कानाला कमी आणि बुडाखालच्या पोत्याला जास्त कळतो. या सगळ्या वेळात दादा मांडीवर काठ्या आडव्या ठेवून गप्प बसून होता. हा तोच दादा, ज्याचे हात घरात कधी स्थिर नसायचे. ताटाची कड, गोठ्याचा पत्रा, बाईकवर पुढे बसलेल्याचं हेल्मेट, तो सगळ्यावर वाजवायचा आणि काकू रोज ओरडायची. तो इथे चार मिनिटं हलला नाही. आणि तो आला तेव्हाही त्याने काही फोडलं-तोडलं नाही. एक ठोका दिला आणि परत थांबला. मग दुसरा. पुढच्या दोन मिनिटांत ते चौघं इतके मोठे झाले की मला श्वास कुठे घ्यावा कळेना.

मला लाज वाटेल इतकं ते आवडलं. त्याचं कारण मी नंतर बराच काळ शोधत होते. शाळेत मी मराठी बोलले तर दंड व्हायचा आणि घरी इंग्रजी शब्द निघाला तर हसू व्हायचं. दोन्हीकडे मी वाक्य आधी मनात तयार करायचे, मग ते बोलायची वेळ निघून गेलेली असायची. गाणी मला आवडायची, पण गाण्यातही कुणीतरी आपल्याला काहीतरी सांगत असतं आणि आपण त्यावर काहीतरी वाटून घ्यायचं असतं. इथे कुणी काही सांगत नव्हतं. मला काय वाटतंय हे विचारतही नव्हतं. तरी वाटत होतं. नऊ मिनिटं झाल्यावर मी चौघांना म्हणाले, “परत एकदा वाजवाल?” अनोळखी लोकांकडे मी आपणहून काही मागितल्याचं मला दुसरं आठवत नाही.

तर त्या रविवारी अंगणात तोच ट्रॅक चालू होता. मोकळ्यावर, कर्णकर्कश स्पीकरमधून, त्यातला बेस जवळजवळ नाहीसा झाला होता. आप्पा बिडी शोधत होते. दुसऱ्या एका शेजाऱ्याने विचारलं, “वरातीला चालंल का ह्ये?” “नवरदेव घोड्यावरच झोपंल,” आप्पा म्हणाले, आणि काकूसुद्धा हसली.

साडेतीन मिनिटं झाली असतील. काकांनी हात वर केला. दादाने फोनवरचा ट्रॅक थांबवला.

“गायक आला न्हाई व्हय रं त्या दिशी?” काकांनी विचारलं. चेष्टा नव्हती. त्यांना खरंच तसं वाटलं होतं. गावच्या ऑर्केस्ट्रात आधी ट्रॅक वाजतो आणि मग माईकवर माणूस गातो, ते त्यांना माहीत होतं.

“तात्या, ह्यात गायक नसतोच,” दादा वडिलांना म्हणाला.

“मग तू कवा वाजावणार?”

“येतो की मी. पुढं येतो. जरा थांबायला पायजे.”

“आमच्या फौजेच्या सेंटरचा बँड हुता,” काका आप्पांकडे वळून म्हणाले, “पहिल्या ठोक्याला पाय उचलायचा. ह्यो बसलाय चार मिन्टं.” सगळे हसले. मग ते माझ्याकडे वळले, आणि त्यांच्याबरोबर अंगणातली सगळी तोंडं वळली. “बाय, तू सांग. तुला तरी कळलं का काय ह्यातलं?”

दादा माझ्याकडे बघत होता. तो अगदी निर्धास्त होता. गोदामात मी काय म्हणाले ते त्याने ऐकलेलं होतं.

मी म्हणाले, “नाही काका. मला पण काही कळलं नाही.”

काका रागावले नाहीत. उलट त्यांना सुटल्यासारखं झालं असावं. “झालं तर मग,” एवढंच म्हणाले. दादाने स्पीकरची वायर काढली, नीट गुंडाळली आणि ट्रॅक्टरच्या सीटखाली ठेवली. पंधरा दिवसांत तो लोणंदला गेला. आणखी तीस सेकंद थांबले असते तर काकांनी आपल्या मुलाला वाजवताना ऐकलं असतं. एवढंच थांबायचं होतं हे त्या अंगणात दादाला आणि मला, दोघांनाच माहीत होतं, आणि दादाला बोलायची सोय नव्हती, कारण विचारलं होतं मला.

मी तसं का म्हणाले हे मी स्वतःला पुष्कळदा समजावलं आहे. सगळे हसत होते, त्यात एकटीने वेगळं बोलायचा धीर नव्हता. आवडलं म्हणाले असते तर लगेच ‘काय आवडलं?’ आलं असतं, आणि ते सांगायला माझ्याकडे कुठल्याच भाषेत वाक्य नव्हतं. हे खरं आहे. पण पूर्ण नाही. त्याच्या आदल्या वर्षी मला पुण्याला डिझाईन शिकायचं होतं. ते मी एकदा म्हणाले होते, आणि काकांचा चहा संपायच्या आत ते मिटलं होतं. पोरगी, एवढ्या लांब कशाला, कराडात फार्मसी आहे की. दादासाठी मात्र ट्रॅक्टर पुढे आणून स्पीकर लावला होता, शेजारी बोलावले होते, घर थांबलं होतं. ‘नाही काका’ म्हणताना माझ्या मनात हे होतं. किती होतं ते मला सांगता येणार नाही. थोडंसं असेल. पण होतं, आणि दादाने माझं काहीच वाईट केलेलं नव्हतं.

अल्बम पुढे बाहेर आला. फार गाजला असं नाही, पण हळूहळू पसरला. मला साताऱ्याच्या एमआयडीसीत औषधाच्या लॅबमध्ये नोकरी लागली, तेव्हा कंपनीच्या बसमध्ये मी त्याखालच्या कॉमेंट वाचायचे. कुणी लिहिलं होतं, वडील दवाखान्यात असताना हेच ऐकत होतो. कुणी लिहिलं होतं, यात शब्द नाहीत म्हणून बरं, मला कुणाचे शब्द नको होते. आणि खूप जणांनी एकच वेळ लिहिलेली असायची, चार मिनिटं पूर्ण होतानाची, जिथे दादा येतो. मी प्रत्येकाला लाईक द्यायचे. याहून जास्त मी काही केलं नाही. बँडने कोल्हापूरचा एक ड्रमर घेतला.

एकदा मी डबा घेऊन लोणंदला दादाच्या खोलीवर गेले. तेव्हा बोलायचं ठरवूनच गेले होते. त्याने डबा उघडला आणि जेवायला बसला. त्याचा डावा हात ताटाशेजारी नुसता पडून होता. कडेवर बोट आपटत नव्हतं. मी म्हणाले, “दादा, त्या दिवशी अंगणात मी...”

“भाजी कुणी केलीया? काकीनं?” तो म्हणाला. त्याची काकी म्हणजे माझी आई. “मीठ इसरली बघ.” आणि मग खाली बघतच, “ते सोड गं. लय दिस झालं.”

त्याने मला कधी टोमणा मारला असता तर बरं झालं असतं. तो मला अजूनही नवीन बँडच्या लिंक पाठवतो आणि खाली लिहितो, ‘तुला आवडेल.’

काकांनी मात्र ती गोष्ट जपून ठेवली. पाहुणे आले आणि मुलाचा विषय निघाला की ते कौतुकाने सांगायचे, “बँडचं याड हुतं त्याला. आमच्या बायनं एका वाक्यात निकाल दिला.” त्यांना वाटायचं, मला यात अभिमान वाटतो. मी खाली बघायचे. लाजाळू आहे, म्हणून ते सोडून द्यायचे.

गेल्या महिन्यात बेसवाला घरी आला. दादाची सुट्टी होती, तोही घरी होता. मी चहा घेऊन बाहेर गेले तेव्हा बेसवाल्याचं बोलणं सुरू झालं होतं. कोल्हापूरचा ड्रमर नोकरीसाठी बाहेरगावी गेला आहे. सांगलीत एका हॉलमध्ये पहिला अल्बम पहिल्यापासून शेवटपर्यंत वाजवायचा आहे. तालमीसाठी दादाने पंधरा दिवस रजा काढावी. “काका, तुमी हो म्हणा. तुमच्या शब्दाशिवाय ह्यो न्हाई यायचा.”

ते खरं होतं. दादा कमावता होता, कुणी त्याला अडवलं नसतं. पण तो बापाकडे बघत होता, आणि आरामखुर्चीच्या कडेवर त्याच्या बोटाने एकदा, फक्त एकदा, ठोका दिला आणि थांबला.

काकांनी पाहुण्याला बिस्किटं पुढे केली. औंदा हळद कशी हाय, वडील बरे हायत का, सगळं विचारलं. मग म्हणाले, “बाळा, तू लांबनं आलास. पर ते तवाच ठरलंय. आमी काय अडाणी मानसं. मला वाटलं, मलाच कळत न्हाई. म्हनून हिला इचारलं. इंग्लिश शिकलेली. ही सोत्ता म्हनली, ह्यात काय न्हाई.”

बेसवाल्याने माझ्याकडे बघितलं. पोत्यावर बसलेली मी त्याला नक्कीच आठवत असणार. पण गोदामातलं त्याने काढलं नाही. माझी बाजू सांभाळून घेतली म्हणायची. “बरं काका,” म्हणून तो बूट घालायला वाकला. दादाने हात मांडीवर ओढून घेतला.

माझ्या हातात ट्रे होता. या वेळी मला कुणी काही विचारलं नव्हतं. वाक्य मनात तयार नव्हतं, आणि तयार व्हायची वाट बघितली असती तर लेस बांधून तो गेटबाहेर गेला असता.

“काका, ते खोटं होतं,” मी म्हणाले. “मी खोटं बोलले तेव्हा. मला कळलं होतं. मला लय आवडलं होतं.”