न भाजलेला हात

माझी आत्या पालीखेरीज कशालाच भीत नसे. रस्त्यांच्या प्रयोगशाळेत डांबरी खडीचे गोल ठोकळे तपासण्यात तिची एकोणीस वर्षं गेली होती. पाणी लागलं की डांबर खडीला सोडतं का, एवढंच बघायचं. निम्मे ठोकळे कोरडे, निम्मे दिवसभर कढत पाण्यात. मग दोन्ही यंत्राखाली फोडायचे. भिजलेल्यांत ऐंशी टक्के ताकद उरली, तर माल पास. तिची सही म्हणजे काळ्या दगडावरची रेघ, असं सगळे म्हणत.

त्या सोमवारी टाकीतून ठोकळा काढताना तिचं बोट भाजलं. फुंकर मारता मारता ती थबकली. मागच्या खेपेला, उताराच्या रस्त्याचे ठोकळे तिनं उघड्या हातांनी काढले होते आणि काहीच झालं नव्हतं. टाकीचा प्लग काढून चहाची किटली तिनंच लावली होती. टाकीचा प्लग परत लावायचा राहिला. ठोकळे दिवसभर गार पाण्यात पडून होते. म्हणूनच तो माल पास झाला होता.

उरलेल्या मालाचे ठोकळे करून तिनं ते पुन्हा तपासले. दुसऱ्या दिवशी आकडा आला अठ्ठावन्न टक्के. उताराचा रस्ता मात्र आठवड्यापूर्वीच खुला झाला होता, दोन दिवस पाऊस लागून होता, आणि त्याच उतारावरून माझे बाबा शाळेची बस नेत. बसमध्ये मीही असे.

तिनं बाबांना फोन लावला. "दादा, आज उतारावरून जाऊ नकोस. पाया पडते तुझ्या."

"का गं? पाल बसलीय का रस्त्यात?"

"चेष्टा नको. खडी सुटेल. माझ्या हातून चूक झालीय."

बाबा म्हणाले, "मी लांबून जाईन. पण माझ्यामागे अजून चार बस असतात. त्यांना कोण सांगणार?"

सांगायचं तर नोकरी जाणार. "तेव्हा मला तुमच्या जिवापेक्षा नोकरी जाण्याचीच भीती वाटली," असं ती मला पुढे म्हणाली. मला राग आला, अजून येतो.

पण शाळा सुटायला तासच उरला होता. तिनं साहेबांपुढे नव्या तपासणीचा कागद ठेवला आणि सगळं सांगून टाकलं. साहेबांनी रस्ता बंद करण्यासाठी फोन लावला. पलीकडे कोणी उचलेना. ती थांबली नाही. रिक्षा करून उताराच्या तोंडाशी गेली आणि रस्त्याच्या मधोमध हात पसरून उभी राहिली. पहिल्या बसच्या ड्रायव्हरनं तिला शिव्या घातल्या, दुसऱ्यानं हॉर्नवरचा हात काढला नाही. चौथी बस मागे वळेपर्यंत ती हलली नाही.

मग तिनं खाली पाहिलं. तिच्या चपलेखाली खडी मोकळी झाली होती.