एक पुंगळी कमी

आमच्या कॉलेजातल्या छात्रसेनेची रायफल मोठी हट्टी. एका वेळी एकच गोळी खाणार. बोल्ट मागे ओढायचा, बोटाने गोळी आत सरकवायची, बोल्ट पुढे, मग नेम. गोळी झाडून बोल्ट ओढला की रिकामी पुंगळी टणकन उजवीकडे उडते. जेवढ्या गोळ्या घेतल्या तेवढ्या पुंगळ्या आम्हाला शिकवणाऱ्या उस्तादांच्या हातात परत, तेव्हा कुठे सुट्टी.

अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, छात्रसेनेत जायला एकाच अटीवर हो म्हटलं होतं. दिवेलागणीच्या आत परभणीहून वालूरला घरी. एक दिवस जरी उशीर झाला, तर वर्दी बंद. अण्णा एकदा बोलले की बोलले.

गोळीबाराच्या पहिल्याच दिवशी माझ्या पाचातल्या चार गोळ्या निशाणाच्या कागदावर लागल्या. मी तरंगतच उठले. तेवढ्यात उस्ताद म्हणाले, एक पुंगळी कमी आहे. झालं! सगळ्या मुली गवतात रांगायला लागल्या. मोबाइल उस्तादांच्या पिशवीत, त्यामुळे घरी कळवायची सोय नाही. पाच वाजले, माझी गाडी गेली. सगळ्यांत जीव तोडून मीच शोधत होते, आणि बाकीच्यांना आळशी म्हणून झापतही मीच होते.

शेवटी मागून मैत्रीण ओरडली, "अगं, हालू नको! तुझ्या अंबाड्याच्या जाळीत हाय की ती!"

डावीकडच्या मुलीची पुंगळी उडून माझ्या केसांत बसली होती, आणि ती डोक्यावर घेऊन मी तासभर गवत चाळत होते. उस्तादसुद्धा पोट धरून हसले. मला मात्र अण्णांची अट दिसत होती.

पुढच्या गाडीने वालूरला उतरले तेव्हा दिवे कधीच लागले होते. स्टँडवर अण्णा मोटारसायकल लावून उभे.

"कामून उशीर केलास?"

मी सगळं खरंखरं सांगितलं. पुंगळीपाशी त्यांची मिशी जरा हलली, पण हसले नाहीत.

"चार लागल्या?"

"हो."

"अन् पाचवी?"

"गाडी सुटंल म्हणून घाई केली. चुकली."

अण्णा किक मारून म्हणाले, "पुढच्या बारीला गाडीकडं ध्यान देऊ नको. मी येतो घ्यायला. किती बी वाजू दे."

मी मागे बसले. इतका आनंद झाला होता की घरापर्यंत पाचवी गोळी मी मनात दहादा झाडली, आणि दहाही वेळा लागली.