पडत न्हाई, उतरतो

आमच्या मंठाळच्या घराला चांगलं लोखंडी फाटक आहे. शेजारच्या नागनाथला ते कधी दिसलंच नाही. छातीएवढ्या दगडी भिंतीवरून उडी मारून तो थेट माझ्या आईच्या कोथिंबिरीच्या वाफ्यात यायचा. डावा पाय जन्मापासून बारीक, सगळा भार उजव्यावर. त्या एका पायाच्या जोरावर या गड्याने दिव्यांगांच्या स्पर्धांत उंच उडीची पदकं आणली, परदेशातूनसुद्धा. आईच्या लेखी मात्र तो कोथिंबीर तुडवणाराच राहिला.

"नाग्या, फाटक कामून लावलंय आम्ही?"

"म्हशीसाठी, अक्का."

पदक मिळालं की ते गळ्यात घालूनच स्वारी दळण आणायला निघायची. उडी मारताना दांडी पडली तर दोष वाऱ्याचा. आणि स्वतः आपटला तरी कपडे झटकत म्हणायचा, "मी पडत न्हाई, उतरतो." एकदा घोटा मोडला, तेव्हाही प्लास्टर दाखवत म्हणाला, "जरा जोरात उतरलो."

मग बेंगळुरूच्या शिबिरात सराव करताना उजवा गुडघाच फिरला. शस्त्रक्रिया झाली. कुबडी घेऊन तो गावी परतला आणि आमच्याकडे आला तो फाटकातून. कडी वाजली तेव्हा आईला वाटलं, कुणी पाहुणा आलाय. त्याला पाहून ती चहा टाकायला आत गेली. मला फार वाईट वाटलं.

पुढे कुबडी सुटली, डॉक्टरांनी उडीला परवानगीही दिली. निवड चाचणी तोंडावर आली होती. ती हुकली तर शिबिरातली जागा जाणार होती. नागनाथ रोज भिंतीपर्यंत धावत यायचा, थांबायचा आणि वळसा घालून फाटकातून आत यायचा.

"गुडघा बरा हाय," तो एकदा चहा पिताना म्हणाला. "मलाच भ्या वाटायलंय."

आईने ते ऐकलं. दुसऱ्या दिवशी सकाळी तिने टणक झालेला वाफा खोल खणला, ढेकळं फोडली आणि भिंतीपलीकडे ऐकू जाईल अशी ओरडली, "नाग्या, कोथिंबीर पेरायलेय! तुडवलीस तर तंगडं मोडीन!"

पलीकडे पावलं धावली. या वेळी थांबली नाहीत. नागनाथ भिंतीवरून आला आणि मऊ मातीत कुशीवर आदळला.

"पडलास का रे?" आई धावत वाफ्यापाशी गेली.

"न्हाई अक्का. उतरलो."

मग तिने त्याला पोटभर शिव्या घातल्या, डोळ्याला पदर लावून.

चाचणीत त्याची निवड झाली. सध्या तो शिबिरात आहे. वाफ्यात अजून काही उगवलं नाही म्हणून परवा मी आईला म्हटलं, पाणी घालू का?

"बी कुठं टाकलंय?" ती म्हणाली. "माती तेवढी मऊ ऱ्हाऊ दे. त्यो येईल की."