मोठी लेन्स कोण उचलणार

प्रस्तुत इसम एका दैनिकाच्या क्रीडा विभागात वरिष्ठ छायाचित्रकार या पदावर कार्यरत असून वय पन्नाशीपुढे, बांधा मध्यम, दृष्टी चष्म्यासह उत्तम, वर्तणूक समाधानकारक. सदर इसम सामना संपेपर्यंत एका जागी न हलता उभा राहत असल्याने सहकारी त्यास ‘खांब’ असे संबोधतात व त्यास त्याची हरकत नाही. विभागातील अवजड सामग्री हाताळण्यास तो सर्वतोपरी सक्षम आहे. गेल्या काही महिन्यांपासून त्याचा डावा हात थरथरतो.

ही शेवटची बाब फक्त बायकोला ठाऊक होती, आणि तिलाही त्याने सांगितली नव्हती. शर्टाच्या बटणांशी चाललेली त्याची झटापट तिने पाहिली होती.

“डॉक्टरांना दाखवून या.”

“दाखवतो.”

“कधी?”

“दाखवतो म्हटलं ना!”

लेन्सचं सगळं वजन डाव्या तळहातावर पेललं जातं. तो हात गेला की सामन्यांत कोर्टाच्या कडेची जागा गेली, आणि त्या जागेवर विभागातले दोघंजण कधीपासून डोळा ठेवून होते. म्हणून खांब गप्प होता.

अशात कचेरीने जुने कॅमेरे मोडीत काढले आणि नवे फुल-फ्रेम मिररलेस कॅमेरे आणले. दूरचं टिपणारी लेन्स मात्र एकच घ्यायची असं वरून ठरलं आणि निवड खांबावर आली. क्रीडा संपादिका कधीकाळी त्याच्याच हाताखाली शिकलेली. एकटी असली की त्याला दादा म्हणे.

“दादा, तुम्ही बोट ठेवाल ती घेऊ. पण आजच्या बॅडमिंटनच्या फायनलला वापरून बघा आणि मग सांगा.”

कॅमेऱ्यांचा दुकानदार जुना दोस्त. त्याने काउंटरवर दोन लेन्स मांडल्या. एक मोठ्या तोंडाची, तान्ह्या मुलासारखी दोन्ही हातांनी उचलायची. दुसरी सडपातळ, झूमवाली.

“ही मोठी उजेड नुसता पिते,” दुकानदार म्हणाला. “आणि ही दुसरी सुट्टीत हरणं बघायला जाणाऱ्यांची. तुला काय निवडायचंय त्यात?”

खांबाने मोठी उचलून डोळ्याला लावली. हाताची थरथर सावरणारी यंत्रणा दोन्ही लेन्समध्ये होती, पण मोठीच्या वजनापुढे तिची मात्रा चालेना. समोरच्या इमारतीची खिडकी होडीसारखी डुलायला लागली. त्याने लेन्स घाईने खाली ठेवली आणि हलकी लावली. बटण अर्धं दाबलं मात्र, खिडकी भिंतीला खिळली. हात थरथरत होता, खिडकी थरथरत नव्हती. इतका विश्वासू साक्षीदार त्याला आयुष्यात मिळाला नव्हता.

“हीच बरी.”

“तू? ही?” दुकानदाराने चष्मा कपाळावर चढवला. “तब्येत ठीक आहे ना?”

“पाठ धरते अलीकडे.”

“पाठ तुझी, पण अंधार त्या हॉलचा. हिचं तोंड बारीक. दोन्ही घेऊन जा, नको ती परत आण.”

हॉलमध्ये दिवे छताला चिकटलेले आणि फ्लॅशला बंदी. खांबाच्या शेजारी दुसऱ्या दैनिकाचा ठेंगणा छायाचित्रकार बसला होता. तो लेन्सखाली एकपायी दांडा लावून काम करी. या धंद्यात कोर्टाच्या कडेला लेन्स हातावर पेलणं ही मिशीला पीळ देण्यासारखी गोष्ट, आणि खांबाचा पीळ सर्वांत मोठा. ठेंगणा वयाने लहान असूनही खांब त्याला वर्षानुवर्षं ‘आजोबा’ म्हणत आला होता.

“काय आजोबा, काठी आणलीत?”

“आणली. तुम्ही हे काय आणलंत? दुर्बीण?”

पहिला गेम सुरू झाला. खांबाच्या डोळ्यासमोर कोर्ट शांत, निश्चल होतं. कित्येक महिन्यांनी त्याचा श्वास मोकळा झाला. गेम संपल्यावर त्याने पडद्यावर फोटो पाहिले आणि तो श्वास तिथेच अडकला. जाळीची गाठ न् गाठ मोजता येत होती. मागच्या रिकाम्या खुर्च्या कोरल्यासारख्या उमटल्या होत्या. खेळाडूच्या जागी नुसता पुसट फराटा.

यंत्र तुझा हात थांबवतं, खेळाडूला नाही, हे संपादिकेला ती नवखी असताना त्यानेच दरडावून शिकवलं होतं. शटरचा वेग वाढवावा तर चित्र काळं. कॅमेऱ्यात उजेड चढवावा तर चेहऱ्यावर वाळू ओतल्यासारखे कण. हे सगळं त्याला दुकानातच ठाऊक होतं. पण माणसाला एखादी गोष्ट हवीच असली की ज्ञान अदबीने बाजूला उभं राहतं.

फोन थरथरला. संपादिकेचा निरोप होता: “एक तरी पाठवा. पहिलं पान थांबलंय.”

त्याने मोठी लेन्स चढवली. उजेड मिळाला, वेग मिळाला, चित्रही धारदार आलं. पण चौकट हातात राहीना. एकदा खेळाडूचं डोकं कापलं गेलं, एकदा रॅकेट. खांद्यात कळ आली. त्याने कोपर छातीला टेकवलं, मग गुडघ्याला. तिकडे आघाडीवरची मुलगी सामना संपवायच्या बेतात आली.

“पिशवीत दुसरा दांडा आहे,” ठेंगणा कोर्टावरची नजर न हलवता म्हणाला.

“मला कशाला?”

“कशाला ते मी विचारलं का? विचारू?”

पुन्हा टाळ्या पडल्या, आणखी एक गुण गेला. त्याने पिशवीत हात घातला. दांडा निघाला, पण त्याचा स्क्रू बोटांत ठरेना. ठेंगण्याने एक हात लांबवून तो घट्ट पिळला आणि पुन्हा आपल्या कॅमेऱ्यामागे गेला.

“बसा आता, आजोबा.”

शेवटच्या गुणाला ती मुलगी हवेत झेपावली. खांबाच्या चौकटीत ती पूर्ण होती, रॅकेटच्या टोकापासून बुटाच्या नाडीपर्यंत.

दुसऱ्या दिवशी संपादिकेच्या टेबलावर पहिलं पान पसरलेलं होतं.

“फोटो झकास, दादा. पण पहिल्या गेमचा एकही नाही?”

हॉलमध्ये अंधार होता, एवढं म्हटलं असतं तरी भागलं असतं. ते खरंही होतं.

“पहिल्या गेमला चुकीची लेन्स लावली. मुद्दाम,” तो म्हणाला. “मोठी घे. सोबत दांडा घे. माझा डावा हात थरथरतो.”

“कधीपासून?”

“झाले काही महिने.”

“आणि मला आज सांगताय?”

“आज तरी सांगतोय ना, बाई.”

“डॉक्टरांना दाखवलंत?”

“उद्या जातोय. बायकोने नंबर लावलाय.”

तिने पान घडी करून बाजूला ठेवलं. मोठ्या लेन्सची आणि दांड्याची मागणी तिने लगेच वर पाठवली. पुढच्या सामन्याला कोणाला पाठवायचं, ते संध्याकाळपर्यंत ठरलं नव्हतं.