दगडावर एक तरी प्रश्न

दगड साचायला कोट्यवधी वर्षं लागतात. किस्से साचायला एक बस पुरते! आमच्या हुडकेश्वरच्या घरात दोन्हींचा ढीग झालाय. बायको म्हणते, "दगड तरी अंगणात टाकता येतात, तुमचे किस्से कुठं टाकू?" म्हटलं, टाकू नको, चार लोकांना ऐकवून मोकळा होतो.

मी भूगर्भशास्त्राचा मास्तर. कॉलेजातून रिटायर झालो आणि घरी बसलो. माझ्या साळ्याचं, सुरेशचं, नागपूरच्या महाल भागात टूरचं ऑफिस आहे. हिवाळाभर दर शनिवारी त्याची बस नागपूरहून भेडाघाटला जाते आणि रविवारी परत येते. नर्मदेनं संगमरवर कापून केलेली ती दरी, धुवांधार धबधबा, नावेतली फेरी. मी त्याला म्हटलं, "अरे, लोक इतक्या लांब जातात, ती दरी झाली कशी हे त्यांना कोणी सांगत नाही. मला बसमध्ये अर्धा तास माइक दे." त्यानं दिला. तिथून माझ्या डोक्याला ताप सुरू झाला.

तीन-चार ट्रिपांनंतर सुरेश म्हणाला, "भाऊजी, बुरा नका मानू, पण पब्लिक झोपून राहिली. पब्लिकले तंबोला पाहिजे."

आकडे पुकारायच्या त्या खेळावरून आमचं कडाक्याचं भांडण झालं. बायको मध्ये पडली, म्हणजे भावाच्या बाजूनं पडली. शेवटी सुरेशनं अट घातली, "या सीझनमध्ये एका तरी पॅसेंजरनं आपल्या मनानं दगडावर एक प्रश्न विचारला, तं माइक तुमचा. नाही तं तंबोला. आन् कोणाले पढवून आणायचं नाही! प्रश्न दगडावर आहे का नाही, ते मी ठरवीन."

मी म्हटलं, "एक? अरे, दहा येतील!"

हसू नका. ज्याला आयुष्यभर खडू आणि फळा मिळाला, त्याला रिटायर झाल्यावर घरात टीव्हीचा रिमोटही मिळत नाही. तो अर्धा तास माझा होता. तो गेला असता तर मला फार लागलं असतं, सरळ सांगतो.

*

अट लागल्यानंतरचा पहिलाच शनिवार. मी जीव ओतून सांगितलं. इथं एके काळी समुद्र होता, तळाशी चुन्याचा गाळ बसला, त्याचा चुनखडक झाला. पुढं जमिनीच्या पोटात उष्णता आणि दाब सोसून त्याचा संगमरवर झाला. मग नदी आली आणि तिनं तो कापला. घसा कोरडा पडला माझा. "काही प्रश्न?"

मागून हात वर! आमच्या हुडकेश्वरचेच एक बिल्डर. म्हटलं, वा! आपल्या भागातला माणूस निघाला.

"सर, हा माल बाथरूमले चालते का फक्त हॉलले?"

सुरेश पुढच्या सीटवरून वळलासुद्धा नाही. "भाऊजी, हा फ्लोरिंगचा प्रश्न आहे. नाही धरणार."

दुसऱ्या दिवशी हेच गृहस्थ नावेत दोन्हीकडच्या पांढऱ्याशुभ्र कड्यांकडे डोळे विस्फारून बघत होते. मी हळूच जवळ सरकलो. ते भारावून म्हणाले, "काय जागा आहे सर! काय जागा आहे! दोन्हीकडून रिव्हर व्ह्यू!"

*

मग मला वाटलं, नुसतं तोंडानं सांगून उपयोग नाही, हातात काहीतरी पाहिजे. घरून दोन दगड नेले. एक आपल्याकडचा काळा बेसॉल्ट, चांगला गोल गुळगुळीत, आणि एक पांढरा संगमरवर. ड्रायव्हरसमोर काचेखाली ठेवले.

सकाळी सगळे घाटावर आंघोळी करून आले. मी नाश्त्याला गेलो. परत येऊन बघतो तो काय! काळ्या दगडाला हळद, कुंकू, वर झेंडू, समोर अगरबत्ती आणि दोन केळी! मी लेक्चर सुरू केलं, "हा ज्वालामुखीच्या लाव्ह्याचा दगड," आणि फोडून दाखवायला हातोडी उचलली. बसमध्ये किंकाळ्या!

"सर! काय करून राहिले!"

"अहो, दगड आहे तो! मी कोंढाळीच्या रस्त्यावरून उचलून आणलाय!"

"तुमच्यासाठी दगड असन!" एक बाई उभ्याच राहिल्या. "नर्मदेच्या काठी आला न, मंग झाला तो देव."

मी सुरेशकडे पाहिलं. म्हटलं, दगडावरच चाललंय ना हे सगळं? तो म्हणाला, "प्रश्न कुठं आहे याच्यात? हे तं उत्तर आहे."

माझा बेसॉल्ट गेला तो गेलाच. आता ड्रायव्हर त्याला अगरबत्ती ओवाळल्याशिवाय गाडी सुरू करत नाही. हात लावायचा तर मला चप्पल काढावी लागते. माझ्याच दगडाला!

*

बुटीबोरीच्या एका कारखान्यानं एकदा अख्खी बस बुक केली. सगळे साहेब लोक, एकसारख्या टोप्या. त्यांचे मॅनेजर आधीच येऊन म्हणाले, "सर, थोडं मोटिव्हेशनल ठेवा. नदीपासून आमच्या टीमनं काय शिकावं, असं."

असल्या गोष्टींनी माझं डोकं सणकतं. पण म्हटलं, प्रश्न यायला हवा, करू थोडी तडजोड. मी सांगितलं, नदी जोर करत नाही, सातत्य ठेवते. वाळूच्या एकेका कणानं दगड घासत जाते. टाळ्या पडल्या! मॅनेजरसाहेब भलतेच खूश झाले. उभे राहून म्हणाले, "एक्सलंट! सर, माझा एक प्रश्न आहे."

सुरेशनं मान वळवली. मी माइक त्यांच्याकडे केला.

"हे कापायले नदीले टाइम किती लागला?"

आला! आला प्रश्न! मी म्हटलं, "साहेब, लाखो वर्षं! कदाचित त्याहूनही जास्त! बघा, याचा अंदाज कसा करतात..."

"नाही, नाही," साहेबांचा चेहरा पडला. "मंग हे नका सांगू टीमले. आमचं टार्गेट मार्चचं आहे."

सुरेश म्हणाला, "प्रश्न मागं घेतला त्यांनी. नाही धरणार."

*

नावाड्यांचं तर विचारूच नका. भेडाघाटच्या नावेत बसलात की नावाडी वल्हं मारता मारता तालात कॉमेंट्री करतो. इधर देखिए हाथी का पाँव, उधर देखिए नंदी महाराज, यहाँ से बंदर कूदता था. लोक माना वळवून वळवून दमतात. "हव, हव! दिसला! सोंड दिसली!" त्या कड्यात हत्तीचा पाय मला आजवर दिसलेला नाही.

एकदा मी मध्येच म्हटलं, "या उभ्या भेगा बघा, यांच्यामुळंच कडे असे सरळ..." तर एक काका कळवळून म्हणाले, "सर, दोन मिनिटं चूप बसा न गा. हत्ती निंघून चालला!"

पुढच्या ट्रिपला मी युक्ती केली. नावाड्याला आधीच गाठलं, चहा पाजला. म्हटलं, "भैया, बीच में बस इतना बोल दो कि ये पत्थर करोड़ों साल पुराना है, और उसकी बात सर बताएँगे." तो म्हणाला, "बिलकुल साहब." दरी सगळ्यात अरुंद होते तिथं त्यानं वल्हं थांबवलं आणि खणखणीत आवाजात म्हणाला, "अब देखिए करोड़ों साल पुराना पत्थर! और ये देखिए उसके जमाने के सर!"

नावेत पंचवीस माणसं. पंचवीसच्या पंचवीस हसली. सुरेश तर इतका हसला की नाव हलली.

*

महालातले एक पांडेजी होते. मुलाला व्हिडिओ कॉल लावून त्याला दरी दाखवत होते. दरीकडे पाठ, फोन समोर, फोनमध्ये स्वतःचं तोंड. पोरगा ओरडत होता, "बाबा, बाजूले व्हा, काहीच दिसून नाही राहिलं!" बाजूला झाले. पोरगा म्हणाला, "हे तं अंबाझरीसारखंच दिसते."

नागपूरकर जगात कुठंही गेला तरी पाणी दिसलं की त्याला गावचा अंबाझरी तलावच आठवतो. बोलणंच खुंटतं!

पण परत येताना पांडेजी बसमध्ये विचारात पडले होते. म्हणाले, "सर, एक सांगा. आपल्या नागनदीची अशी दरी केव्हा होईन?"

मी जागेवरून उठलोच! काय सुंदर प्रश्न! खडक कोणता, उतार किती, पाण्याला वेग किती, सगळं सांगता येईल! मी तोंड उघडणार तोच मागून कोणीतरी म्हणालं, "आधी तिच्यातून पाणी तं जाऊ द्या!" आणि जी चर्चा सुरू झाली, ती वास, डास आणि प्लॅस्टिक यांवरून थेट राज्याच्या हद्दीवरचं खवासा येईपर्यंत चालली. माझ्या हातात माइक आणि मी उभा.

"ही तक्रार झाली भाऊजी," सुरेश म्हणाला. "तक्रार नाही धरणार."

*

अशी सीझनची शेवटची ट्रिप आली. आता मला आशा नव्हती. जाताना सांगायचं ते सांगितलं, नावेतही सांगितलं, पण नेहमीचा जोर नव्हता. कोणी काही विचारलं नाही. येताना सिवनीच्या अलीकडं ढाब्यावर चहा झाला. सगळे गाडीत बसले आणि सुरेशनं पिशवीतून तंबोल्याची तिकिटं काढली. माझ्याकडे बघून म्हणाला, "भाऊजी, आता काय करता!" तेवढं मात्र समजुतीच्या सुरात म्हणाला. मी माइक त्याच्यासमोर धरला.

तेवढ्यात मधल्या सीटवरून आवाज आला, "सर, एक विचारू काय?"

धकाते काकू. उमरेडच्या. नवऱ्याबरोबर आल्या होत्या. त्या दोघांना दोन दिवस सगळ्या बसनं पाहिलं होतं. काकू म्हणायच्या, "पानी पिता?" काका म्हणायचे, "हं." काकू म्हणायच्या, "स्वेटर घाला, हवा सुटली." काका म्हणायचे, "हं." काकू म्हणायच्या, "पाहा न, किती सुंदर आहे." काका दुसरीकडेच बघत म्हणायचे, "हं." दोन दिवसांत त्या माणसाच्या तोंडून दुसरा शब्द कोणी ऐकला नव्हता. गोरा, उंच, ताठ माणूस. हसला नाही, रागावला नाही.

"विचारा की काकू," मी म्हटलं. म्हटलं, आता संडास कुठं आहे ते विचारतील.

"तुमी म्हणता का तो पांढरा दगड लय कडक आहे. आजूबाजूले तं मऊ जमीन होती. मंग हे नदी बाजूनं काहून नाही गेली? त्या दगडातूनच काहून गेली?"

मी माइक परत ओढून घेतला. अहो, इतकी वर्षं एमएस्सीची पोरं शिकवली, हा प्रश्न मला एकानंही विचारला नव्हता! मी सुरेशकडे पाहिलं. त्यानं तिकिटं परत पिशवीत टाकली आणि पिशवी पायाखाली सरकवली.

मी म्हटलं, "काकू, नदी आधी फार वरून वाहत होती. वरचे थर मऊ होते, त्यांत तिनं आपली वाट पाडली. खाली असा कडक दगड आहे हे कुठं दिसत होतं! ती खोल खोल गेली, तेव्हा तो लागला. पण तोवर दोन्हीकडचे काठ उंच झाले होते. बाजूनं जायला जागाच उरली नव्हती. मग ती त्यालाच कापत राहिली."

काकू सीटची दांडी धरून उभ्याच होत्या.

"म्हणजे आधी माहीत नव्हतं तिले."

"नाही."

"आन् माहीत झालं, तवा निंघता नाही आलं."

"नाही आलं."

"समजलं सर," काकू म्हणाल्या आणि खाली बसल्या.

बसमध्ये कोणी हसलं नाही. ड्रायव्हरनं चावी फिरवायला नेलेला हात तसाच ठेवला. तेवढ्यात खिडकीच्या बाजूनं कोणीतरी घसा खाकरला. धकाते काका.

"सर, माहा बी एक आहे."

"विचारा ना."

काका खिडकीबाहेरच बघत होते. "नदी तिथून नसती गेली, तं त्या दगडाले पाहायले कोणी आलं असतं काय?"

काकूंनी पदर सारखा केला, मांडीवरचं स्वेटर उचललं आणि काकांच्या खांद्यावर टाकलं.

"चूप बसा आता," त्या म्हणाल्या. "सरायले पुढचं सांगू द्या."